सातव्या ओळीची बाधा

ज्योत्स्नाच्या कॉम्प्युटरला सात नंबरची बाधा झालीय, अशी कुजबुज बालाघाटातल्या तिच्या गल्लीत पसरली, आणि ती पसरवणारी खुद्द तिची आई, विमलाबाई!

ज्योत्स्ना घरी बसून वेबसाइटी बनवायची. एका राइस मिलची साइट बिघडली होती. पाचपर्यंत सुधारली नाही, तर काम गोंदियाच्या माणसाकडे जाणार होतं. चूक कुठल्या ओळीत आहे ते पीएचपी या वेबसाइटीच्या भाषेतला __LINE__ हा शब्द सांगेल, या भरवशावर तिने तो चुका नोंदवणाऱ्या आपल्या छोट्या फाइलीत घातला. पण काहीही बिघडो, उत्तर एकच: ओळ सात. मिलच्या पानाची सातवी ओळ तिने तीनदा पुसून लिहिली.

"याले जादूचा शब्द म्हणतात माय, अन् हा मलेच येडं करून राह्यला!"

"जादू? मी त पह्यलेच म्हणत होती! थांब, मिरच्या ओवाळतो."

"काहून डोकं खाऊन राह्यली वं?"

मिरच्या ओवाळून झाल्या, पाच वाजले, काम गोंदियाला गेलं.

चूक कुठे आहे ते त्या शब्दाला ठाऊकच नसतं. तो जिथे लिहिला, त्या ओळीचा नंबर सांगतो. ज्योत्स्नाने तो आपल्या फाइलीच्या सातव्या ओळीत लिहिला होता.