होडीत झोपलेल्याचे डोळे

मला गणपतीचे डोळे उघडता येतात. शाळा सातवीत सुटली, तेव्हापासून ब्रश हातात आहे. एरवी दुकानांच्या पाट्या, ट्रॉल्यांच्या फळ्या, आणि सीझनला सांगलीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे. डोळे सगळ्यात शेवटी. उस्तादानं पहिल्याच वर्षी बजावलं होतं, "उघडल्या डोळ्यावर परत ब्रश न्यायचा न्हाई. देवाचा डोळा जो मिटवतो, त्याच्या घरातला दिवा जातो." हसण्यावारी न्यावं असं तो बोललाच नव्हता.

यंदा माझ्या घरातला दिवाच दवाखान्यात होता. बायकोचा ताप मेंदूत गेला होता. आम्ही खंडाळ्याकडची माणसं, सांगलीत ना भाऊबंद ना पाव्हणेरावळे. ती डोळे मिटून पडलेली. डॉक्टर म्हणायचे, शुद्ध कधी येईल सांगता येत नाही. नर्स म्हणायची, "हाका मारा, बोला त्यांच्याशी." मी नुसता कॉटपाशी उभा राहायचो. चारचौघांत बायकोशी काय बोलायचं, हे आमच्याकडं कुणी शिकवत नाही.

दवाखान्यामागच्या गल्लीत लहानसं चर्च होतं. तिथल्या पाद्र्यांच्या, म्हणजे पाळकसाहेबांच्या बायकोनं, पाळकबाईंनी, मला फाटकापाशी बसलेला बघितलं. आधी चहा दिला, मग रोजचा डबा. मग काम दिलं. रविवारी मुलांना बायबल शिकवतात त्या खोलीच्या भिंतीवर चित्र काढायचं. त्या चित्रावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. ह्या माणसाच्या हाताला काहीतरी पाहिजे, एवढंच त्यांनी ओळखलं होतं. ते उपकार कुठं ठेवू?

कोणतं चित्र काढायचं ते त्यांनी त्यांच्या पुस्तकातनं, शुभवर्तमानातनं, वाचून दाखवलं. वादळ सुटलंय, होडीत पाणी शिरतंय आणि प्रभू येशू उशीवर डोकं ठेवून झोपलाय. शिष्य त्याला उठवून विचारतात, आम्ही मरायला लागलोय, तुला काहीच कसं वाटत नाही?

मी म्हणालो, "बाई, देवाला आसं बोललेलं पुस्तकात हाय?"

"हाय की," त्या माझ्याच बोलीत म्हणाल्या.

"आन् त्यो रागावला न्हाई?"

"वाऱ्याला रागावला. यांना म्हणाला, भिता कशाला?"

समुद्र मी बघितलेला नाही. कृष्णेचा पूर बघितलाय. तेच गढूळ पाणी काढलं, तिथलीच होडी. पाळकसाहेब येऊन बघून म्हणाले, "पेंटर, हा शिष्य पेत्र तर मार्केट यार्डातला हळदीचा हमाल दिसतोय!"

"त्योच हाय, साहेब. वल्हं मारायचं तर दंड पायजेत का न्हाईत?"

शेवटी डोळे राहिले. हात सवयीनं गेला. काळं बुबुळ, एका फटकाऱ्यात वरची पापणी, पांढरा ठिपका. मागं सरून बघतो, तर उशीवर डोकं ठेवून प्रभू माझ्याकडं टक्क बघतोय.

बाई डबा घेऊन आल्या. बघतच राहिल्या. "पेंटर, ते झोपलेत ना?"

मी उस्तादाचं बोलणं सांगितलं. दवाखान्याचं त्यांना ठाऊकच होतं. म्हणालो, "बाई, मिटवायला नका सांगू मला."

"नाही सांगत. मुलांना सांगीन, आत्ताच जागे झालेत." डबा ठेवून त्या गेल्या.

डबा तसाच राहिला. मी भिंतीसमोर बसलो. चित्र खोटं पडलं होतं. तो जागा आहे, त्याला दिसतंय, मग ही माणसं घसा फोडून कुणाला उठवतायत? आणि जागा असून नुसता बघत पडला असेल, तर त्याच्यासारखा कठोर कोण? मला लाज वाटली, कारण इतके दिवस माझा देव असाच होता. बघणारा आणि न हलणारा. झोपलेल्याला निदान हाक तरी मारता येते.

अंगाचा रंग कालवला. डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं. दिवा जातो, दिवा जातो, असं डोक्यात चाललेलं. तशातच पापण्या खाली ओढल्या आणि ब्रश न धुता दवाखान्याकडं पळालो.

भेटायची वेळ होती. कॉटशी वाकलो आणि ओरडलो, "अगं ए! ऊठ की! बुडालो की गं मी!" शेजारच्या कॉटवरचे पाव्हणे वळून बघायला लागले. नर्स रागावली नाही. घसा बसेपर्यंत हाका मारल्या. तिनं डोळे उघडले नाहीत. दुसऱ्या दिवशी परत गेलो, परत ओरडलो. मग रोजच.

आता ती डोळे उघडते. पण मी कोण, ते तिला उमगत नाही. परवा माझ्यादेखत नर्सला विचारलं, "बाई, ह्यो मानूस रोज का वरडतोय?"

नर्सनं माझ्याकडं बघितलं. मी परत हाक मारली.