दोरोनच्या कोटातला घोडा

चित्र कापायला घेण्याआधी जूराकानला शंभर प्रश्न पडतात. उंट झोपला की त्याचा खालचा ओठ लोंबतो का? रानातलं लाल ट्यूलिप संध्याकाळी पूर्ण मिटतं, की थोडी फट ठेवून? स्वतः बघून आल्याशिवाय तिची सुरी हलत नाही. किर्गिझस्तानात नारीनकडच्या तिच्या गावात बाकीच्या बायका जमिनीवर अंथरायच्या लोकरीच्या नमद्यांवर मेंढ्याच्या शिंगांची नक्षी करतात. ही मात्र नमद्याचे तुकडे आणि जुनी कापडं जोडून फुलं, जनावरं, माणसं करते आणि भिंतीवर टांगते. माणूस पायाखाली कसा अंथरायचा?

"काल मेंढीच्या कानात काय शोधत होतीस गं?" शेजारीण सालकिन विचारायची.

"आतून गुलाबी असतो. मला इतकी वर्षं राखाडी वाटत होता."

"झालं. आता सुखाने झोप लागेल."

याच सालकिनने वसंतात नवऱ्याचा तपकिरी कोट आणून जूराकानच्या मांडीवर ठेवला. दोरोनला जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षाच्या जेवणाला गणगोत जमेल, तेव्हा तो घोड्यावर बसलेला भिंतीवर दिसायला हवा होता, त्याच्याच कोटातून कापलेला.

"पाठीचा घोडा कर, बाह्यांचा तो. घोडा मोठा हवा, दारातून दिसेलसा. आणि सांभाळून, बाई. दुसरा कोट नाही."

आठवडाभर जूराकान विचारत फिरली. लगाम कुठल्या हातात धरायचा? टोपी मागे सारायचा का? मग एका सकाळी तिने कोट उसवला, पाठीचं कापड पसरलं, खडूने रेघ मारली आणि कापलं.

घडी उलगडली तेव्हा दोन घोडे निघाले. वीतभर उंचीचे, एकमेकांकडे तोंड केलेले.

चित्रं असोत की नमदे, चाळीस वर्षं हाताला एकच वळण होतं. दोन रंगांचे नमदे एकावर एक ठेवायचे, एकदम कापायचे आणि एकाचा कापलेला आकार दुसऱ्याच्या भोकात बसवायचा, म्हणजे लोकर वाया जात नाही. डोकं दोरोनच्या टोपीत गुंतलेलं असताना हाताने कापडाची दुहेरी घडी कधी घातली, तिला कळलंही नव्हतं.

ती दोन्ही घोडे घेऊन तशीच शेजारी गेली. सालकिन कणीक मळत होती.

"माझ्या हातून नासलं गं. मोठा घोडा आता होत नाही."

सालकिनने पिठाचे हात पुसले. घोडे खिडकीजवळ नेऊन बराच वेळ पाहिले. जूराकानला खाली मान घालावीशी वाटली, पण शेजारणीच्या चेहऱ्यावरून तिची नजर हलेना.

"हा त्याचा," सालकिन शेवटी म्हणाली. "आणि हा कुणाचा?"

"कुणाचाच नाही. माझ्या सवयीचा."

"मग यावर मला बसव. माझ्या निळ्या झग्याची बाही देते. आणि घोड्याचं तोंड फिरवून मला पुढे ठेव. लग्नाआधी शर्यतीत त्याला एकदा मागे टाकलं होतं मी. मेला जन्मभर म्हणत राहिला, घोडा लंगडत होता म्हणून."

चाळीस वर्षं भिंतीला भिंत लागून संसार केला, आणि ही घोड्यावर बसते हे जूराकानला ठाऊक नव्हतं. तिने जवळचं बैठं स्टूल ओढलं.

"खरंच लंगडत होता का? कुठल्या पायाने?"