मारबतीच्या मागून आलेला आवाज

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, हे नुसतं ऐकून होते. सत्तरच्या दशकातल्या एका पोळ्याला अखेर रजा टाकली आणि पुण्याहून गाडीत बसले. मैत्रिणीच्या मावशी, शांताबाई, सक्करदऱ्याला एकट्या राहत. मुक्काम त्यांच्याकडेच.

संध्याकाळी जेवायला आम्ही दोघी, पण ताटं तीन. तिसऱ्यात त्यांनी भाकरी-भाजी वाढली, वर झाकण ठेवलं. "मधूचं," एवढंच म्हणाल्या. मधू त्यांचा मुलगा. कामाच्या शोधात गेला तो कित्येक वर्षं परतला नव्हता. सकाळी ते ताट गाईपुढे गेलं.

मारबत पाहायची तर लवकर निघा. सायकलरिक्षा महाल भागापर्यंतच नेते, तीही दुप्पट पैसे मागून. पुढे पायीच. कोपऱ्यावर तर्री-पोहे स्वस्त मिळतात. तर्री, म्हणजे वर ओततात तो झणझणीत रस्सा, मात्र जपून.

मारबत म्हणजे बांबू-कागदाची अक्राळविक्राळ बाई. गावाची इडापिडा तिच्यावर लादायची आणि तिला नेऊन जाळायचं. कुणीही मनाला येईल ते ओरडावं, बाकीच्यांनी साथ द्यावी.

"खासी, खोकला, महागाई..."

"घेऊन जा गे मारबत!"

"माह्या सासूले..." एक सून ओरडली.

"पहिले इलेच ने वं माय!" शेजारी उभ्या सासूनं सुनावलं. अख्खी गल्ली हसली.

त्या हशातच शांताबाई ओरडल्या, "मधूची वाट पाहणं..."

"घेऊन जा गे मारबत!" अनोळखी माणसांनी हसत हसत साथ दिली. मग जरा शांत झालं. आणि मागून एकट्याच पुरुषाचा आवाज आला, उशिरा, सावकाश: "घेऊन जा गे मारबत."

मी वळणार, तोच शांताबाईंनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात गार होता.

"मागं पाहू नको वं."

"का?"

"पीडा धाडली ना. आता घर येईपर्यंत मागं पाहाचं नाई."

गर्दीत रिक्षा मिळेना, चालतच निघालो. वाटभर मागे चपला वाजत होत्या. सक्करदऱ्याच्या तळ्यापाशी चपलांचा आवाज थांबला.

घरात शिरल्यावर मी विचारलं, "कोण होतं?"

"आवाज त्याचाच होता."

"मग आता तरी बाहेर पाहू या!"

"काहून? त्यानंच म्हटलं ना, घेऊन जा."

त्या संध्याकाळी त्यांनी दोनच ताटं मांडली.

मारबत पाहायला जाच, असं मी सगळ्यांना सांगते. पण पुण्यात, मंडईच्या गलक्यात, सगळे थांबल्यावर मागून एखादा आवाज उशिरा आला की माझं मनगट गार पडतं. मी वळत नाही.