रिमवरची पट्टी

दवनीवाड्याचा आमचा सायकलवाला ट्यूब घालण्याआधी रिमवर अंगठा फिरवतो. स्पोकांची टोकं टोचू नयेत म्हणून जुन्या ट्यूबची पट्टी बसवल्याशिवाय चाक सोडत नाही. कोणी घाई केली, की सायकल तशीच परत देतो. मला दोनदा दिली.

त्याच्या मांडीतली नस बुजली, पाय जायची वेळ आली. नागपूरच्या डॉक्टरांनी नसेत बसवायची तारेची जाळी दाखवली. यानं तिच्यावरही अंगठा फिरवला.

"याले अस्तर काऊन नाही जी?"

डॉक्टरांनी दुसरी काढली. तिला जनावराच्या हृदयावरच्या पातळ पडद्याचं अस्तर होतं.

"हेच बसवा."

काल माझी सायकल त्यानं स्वतः चढावर पळवत आणून दिली. मी त्याच्या पायाकडे बघत राहिलो.

"डॉक्टर पक्का मिस्त्री आहे, गुरुजी. पट्टीशिवाय चाक सोडत नाही."