निजखोळ घेऊन ठाणे-कल्याण

ठाणे-कल्याणास माणसे जातात ती खाडी पाहायला, देवदर्शनाला, नाहीतर नुसती आगगाडीत बसायची हौस म्हणून. मी गेलो ढेकणांपायी.

झाले असे की आमची सून यमुना दिवाळीला बाळाला घेऊन माहेरी कल्याणला गेली, ती तुळशीचे लग्न लागले तरी परत येईना. निरोप धाडला की उलट निरोप यायचा, ‘ढेकूण गेले की कळवा.’ आता गिरगावच्या चाळीतून ढेकूण जायचे म्हणजे चाळच जायला हवी! बाजा उन्हात टाकल्या, उकळते पाणी ओतले, घासलेट चोपडले. ते घासलेट प्यायले की काय कोण जाणे, दुसऱ्या दिवशी अधिकच तरतरीत. पोराच्या अंगावर मात्र अशा लाल गांधी की पाहवेना. त्यात आमचे चिरंजीव दामोदर. कचेरीत कारकून, तोंडाने बॅरिस्टर. बायकोला म्हणाले, ‘ढेकूण चावून आजवर कोणी मेलेला नाही.’ तिने त्याच दिवशी ट्रंक भरली. आता ती तिकडे हट्टाला पेटलेली, हा इकडे रुसलेला. ‘यायचं तेव्हा येईल,’ म्हणतो, आणि रात्री रिकाम्या पाळण्याला झोका देत बसतो.

आणखी महिना असा गेला असता तर ही गोष्ट नवरा-बायकोत राहिली नसती. दोन्ही घरची वडीलधारी मंडळी त्यात पडली असती, आणि मग सून व नातू आम्हाला सणावारीच दिसले असते. म्हणून ठरवले, आपणच जायचे. पण रिकाम्या हाताने नाही.

मी पेशाने शिंपी. पूर्वी दुसऱ्याच्या ओट्यावर बसून काजे करायचो; आता दुकान माझे, यंत्रे माझी. मनात आले, ढेकूण घरातून जात नाहीत तर न जावोत, माणूसच त्यांच्या हाती लागू नये. घट्ट विणीचे मांजरपाट घेतले आणि पायापासून डोक्यापर्यंत एकसंध झबले शिवले. पावले बंद, हातांचे पंजे बंद, डोक्याला टोपडे, तोंडापुरती मलमलीची जाळी, गळ्याशी नाडी. गादीला खोळ असते, तशी ही माणसाला. नाव ठेवले निजखोळ. एक माझ्या मापाची, एक बाळाच्या. शिवण सगळी दुहेरी दुमडीची; आमच्या दुकानात कापडाची उघडी कड दिसली तर मला जेवण जात नाही. घरी घालून निजलो. सौभाग्यवतीने आधी किंकाळी फोडली, पण सकाळी माझ्या अंगावर एक गांध नव्हती.

बोरीबंदराहून सकाळची गाडी धरली. तिसऱ्या वर्गाला भाडे कमी आणि गप्पा फुकट. तरी सांगतो, जाणाऱ्याने घडीची सतरंजी बरोबर ठेवावी, कारण बाकाच्या फळ्यांतून काय वर येईल त्याचा नेम नाही. भांडुपापुढे मिठागरे लागली. उन्हात मिठाचे ढीग असे चकाकत होते की माझ्या शेजारचा घाटावरचा गडी म्हणाला, “एवढी साखर उघड्यावर टाकलीया?” त्याला कोणी सांगितले नाही. मीही नाही.

ठाण्याला उतरायचे कारण रेशीम. बाळाच्या खोळीत हात आणि टोपडे यांना आतून रेशीम लावावे, कातडी नाजूक, असे मनात होते. ठाण्यात ख्रिस्ती विणकरांची थोडी घरे अजून माग चालवतात. त्यांतला म्हातारा पेद्रू माझा जुना ओळखीचा. गळ्यात क्रूस, कमरेला लंगोटी, तोंडात विडी. मी सगळा बेत सांगितला. त्याने माग थांबवला.

“शेट, माझ्या आजाच्या वखताला हे रेशीम नवऱ्या नेसायच्या.”

“मग?”

“मग काय. आता ढेकणाला नेसवा.”

“ढेकणाला नाही रे, नातवाला. ढेकूण रेशमावरून घसरतो म्हणतात.”

“घसरतो? माझा जनम या रेशमात गेला. माझ्या खाटेवरचा एक घसरून दाखवा, तुमाला वार फुकट देतो.”

घासाघीस करून हातभर तुकडा घेतला. तो मोजून देताना पुन्हा पुन्हा हसत होता. त्या हसण्यात माझी कल्याणची गाडी गेली.

म्हणून ठाण्यात मुक्काम. आता हे ध्यानात ठेवा. ठाण्याला दिवसा यावे, तलाव पाहावा, कोपिनेश्वराचे दर्शन घ्यावे, किल्ल्यात तुरुंग आहे तेव्हा तो बाहेरूनच पाहिलेला बरा, आणि संध्याकाळच्या आत पुढे निघावे. तलावाजवळच्या खानावळीत तांदळाची भाकरी आणि वालाचे बिरडे उत्तम मिळते. पण धर्मशाळा! भिंतींना चुना दिलेला, आणि त्या चुन्यावर चिरडलेल्या ढेकणांचे इतके डाग, की बांधणाऱ्याने नक्षीच काढून घेतली असे वाटावे. मी मनात म्हटले, ये, आता परीक्षा होऊन जाऊ दे. दिवेलागणीला निजखोळ चढवली, नाडी ओढली आणि आडवा झालो. शेजारी दोघे प्रवासी भाकरी सोडून बसले होते; त्यांचे बोलणे मला अर्धवट झोपेत ऐकू येत होते.

“ए, हा मेलाय काय रे?”

“मेलेला घोरतो होय?”

“मग बांधलाय कशाला?”

“पळून जाऊ नये म्हणून असंल. वेडा असंल.”

“बोलतो का बघ की.”

“तू बघ. मी जेवतोय.”

सकाळी सगळी धर्मशाळा खाजवत होती आणि मी फुलासारखा. हे पाहिल्यावर त्या दोघांसकट सगळ्यांनी मला गराडा घातला. कापड कुठले, किती लागले, लघवीला काय करता. (शेवटच्या प्रश्नावर घरी विचार चालू आहे.) खोळ या हातातून त्या हातात गेली, या बोचक्यावर, त्या सतरंजीवर पसरली गेली. मी फुशारलो. खोळीची व्यवस्थित घडी केली, बाळाची खोळ तिच्यात गुंडाळली, आणि पहिली गाडी पकडली.

ठाणे सोडले की खाडीवरचा पूल, आणि पुढे बोगद्यांचा अंधार. पोरेबाळे बरोबर असतील तर आधी सांगून ठेवा, नाहीतर डब्यात एकच गिल्ला होतो. बाहेर आले की दोन्ही बाजूंना कापलेली भातखाचरे, उडव्या, बगळे. हल्ली गाडी डोंबिवलीला थांबते. उतरले दोनच, त्यांतला एक बोकड. कल्याणला स्टेशनाबाहेर बैलांच्या दमणीवाले अंगावर येतात. त्यांना पहिल्याने जो भाव सांगाल त्याच्या दुप्पट ते मागतात, तेव्हा आधी तोंड उघडू नका.

आमचे व्याही गोविंदराव हेही शिंपी, पण हातशिलाईचे. यंत्राचे नाव काढले की म्हणतात, “खानावळीतलं जेवण ते. पोट भरतं, पण आठवण राहत नाही.” माणूस मोकळा. विहीणबाई मात्र करड्या. घर असे लखलखीत की चप्पल बाहेर काढूनही आपले पाय घाण वाटावेत. त्यांच्याकडे प्रत्येक बाजेचे पाय पाण्याने भरलेल्या वाट्यांत उभे. खालून ढेकूण चढायला निघाला की बुडून मरतो. 

“कल्याणात कुणाच्याही घरी विचारा,” विहीणबाई म्हणाल्या, “गोविंदरावांच्या बाजेवर ढेकूण दाखवा म्हणावं.”

यमुना दाराआडून बोलत होती. “मामंजी, बाळ बघा ना.” बाळाला माझ्या मांडीवर दिले. अंगावर एक डाग नाही, गाल वर आलेले. मला आनंद झाला आणि धडकीही भरली. अशा घरातून ही कशाला येईल?

जेवण झाले, सुरमई झाली, सोलकढी झाली. मग मी खोळ काढली. स्वयंपाकघरातून मायलेकींचे बोलणे ऐकू येत होते. माझे कान अजून बरे आहेत.

“दामोदरराव स्वतः का नाही आले?” आई विचारत होती.

“त्यांना कचेरी असेल.”

“कचेरीला रविवार नसतो होय? सासऱ्याला पाठवलंन्, आणि बरोबर झबलं!”

ते ऐकून मी इरेला पेटलो. झबले काय करते ते दाखवतोच, म्हटले. विहीणबाईंच्या सगळ्यांत चांगल्या बाजेवर, पांढऱ्याशुभ्र गादीवर, जिथे यमुना बाळाला घेऊन निजते तिथे, दोन्ही खोळी पसरल्या. मोठी स्वतः चढवून आडवा झालो, हातपाय हलवून दाखवले. गोविंदराव हसून हसून खोकायला लागले. विहीणबाई म्हणाल्या, “आमच्या घरात याची गरज नाही, पण असो.” दुपार तशीच सरली, खोळी बाजेवरच राहिल्या, निजायच्या वेळी कोणी उचलून खुंटीला अडकवल्या. माझी निजायची सोय ओटीवर होती. पाहुण्याने यजमानाकडे खोळीत निजणे म्हणजे त्याच्या घराला नाव ठेवणे, एवढे मला कळते. मी साध्या धाबळीत निजलो.

सकाळी पोर रडायला लागले. मानेवर, दंडावर लाल गांधी. मागून विहीणबाईंचा आवाज चढला. गादी उचलली, उशी झटकली, आणि बाजेच्या विणीत एक, दोन, मग कोण मोजतो! सगळे घर गोळा.

आता माझ्याकडून जे झाले ते ऐका. मला वाईट वाटायला हवे होते. त्याऐवजी मी म्हटले, “बघा विहीणबाई! कल्याणातही ढेकूण आहेत. आमच्याच चाळीला नावं ठेवायला नकोत.”

गोविंदराव खाली मान घालून विडा लावू लागले. विहीणबाई पाण्याने भरलेल्या वाट्यांकडे पाहत उभ्या. रंग उडाला होता बाईचा.

तेवढ्यात यमुना दाराआडून बाहेर आली. डोक्यावरचा पदर सारखा केला, माझ्यासमोरून सरळ गेली आणि खुंटीवरची मोठी खोळ उचलली. शिंप्याची पोर. कड उलटी केली, अंबाड्यातला आकडा काढला आणि माझ्या त्या दुहेरी दुमडीत घातला. आकड्याला लागून एक बाहेर आला. मग दुसरा. धर्मशाळेत मी आत सुखाने निजलो होतो आणि ठाण्याचे सगळे ढेकूण बाहेरच्या दुमडीत! इतकी सुबक, बंद, अंधारी जागा त्यांना आयुष्यात मिळाली नसेल. तिथून मीच त्यांना तिकीट काढून कल्याणला आणले, आणि बाजेवर सोडले. वाट्यांतल्या पाण्यामुळे त्यांना आता खाली उतरायचीही सोय नव्हती.

“मामंजी,” ती म्हणाली, “शिवण फार सुरेख आहे.”

गोविंदराव विडा तोंडात घालायचा विसरले. मग जे हसले, ते हसले! विहीणबाई हसल्या नाहीत. त्या क्षणापासून माझ्याशी थेट बोलणे बंद. “त्यांना विचारा चहा घेणार का,” नवऱ्याला. नवरा मी बसलो त्याच पाटाशेजारी.

मी सामान बांधायला घेतले. म्हटले, संपले. सुनेला न्यायला आलो आणि तिच्या माहेरचे घर बिघडवून चाललो. दामोदरला काय सांगू? गाडीची वेळ विचारायला उठलो, तर यमुना ओटीवर बसून खोळीची शिवण उसवत होती. टराटरा. माझ्या काळजात प्रत्येक टाका तुटत होता.

“कडा बाहेरून काढायच्या,” ती मान वर न करता म्हणाली, “सपाट, एकेरी. दिसायला भिकार दिसेल, पण लपायला जागा नाही. आणि दर आठवड्याला उकळायची.”

“घे करून. बाळाला इथेही लागेलच आता,” मी म्हटले. तोंड वर करून बोलवेना.

“इथे कशाला?” तिने धागा तोडला. “आता दोन्ही घरं सारखीच झाली. इथे आई आहे, तिथे बाळाचे वडील. आई काय, हाक मारीन तेव्हा येईल.” 

आतून भांडे जोरात आदळल्याचा आवाज आला.

“पण मामंजी, त्यांना एक सांगायचं. चावून कोणी मरत नाही, हे पुन्हा म्हणायचं नाही.”

“तो म्हणाला तर मी त्याला खोळीशिवाय धर्मशाळेत पाठवीन.”

दुपारच्या गाडीने तिघे निघालो. विहीणबाईंनी ओटी भरली, बाळाला काजळ लावले, मला पाठ दाखवली. गाडीत यमुना बोगद्याच्या अंधारातही उसवत होती.

दामोदर बोरीबंदरावर उभा होता. मी कळवले नव्हते. आईने सांगितले म्हणे, आज येतील बहुधा. काल आणि परवाही तो असाच येऊन गेला होता, हे मला हमालाकडून कळले. बाळाला घेताना त्याने आधी दंड पाहिले, गांधी पाहिल्या, तोंड उघडले, आणि यमुनेकडे पाहून मिटले. पोरगा शिकतो आहे.

एवढ्या धावपळीतून काय उरले, तर हे. ठाण्याचे रेशीम पेटीत पडून आहे. पेद्रू खरेच बोलला, ते ढेकणाला चालते; मी एक त्यावर सोडून पाहिला, घसरला नाही. मोठ्या खोळीच्या मागण्या धर्मशाळेतल्या मंडळींकडून आल्या, पण दुमडीशिवाय शिवण देण्याचा धीर मला अजून होत नाही. बाळ मात्र यमुनेने शिवलेल्या खोळीत निजते. ती खोळ इतकी ओबडधोबड आहे की दुकानात टांगायची मला लाज वाटते. कडा सगळ्या बाहेर, दशा लोंबताहेत. आणि पोर त्यात सकाळपर्यंत हलत नाही.

परवा कल्याणहून गोविंदरावांचा माणूस आला. बाजा दोनदा उन्हात टाकल्या, उकळत्या पाण्याने धुतल्या, तरी अजून निघताहेत, म्हणाला. विहीणबाईंचा निरोप होता, दोन खोळी हव्यात. मापे तोंडपाठ करून आला होता. निरोपाचा शेवट त्याने माझ्याकडे न पाहता सांगितला, “शिवण यमुनाताईंच्या हातची पाहिजे. शेटजींनी हात लावायचा नाही.”

यमुना यंत्रावर बसली आहे, दामोदर पाळण्याशी. मी कापड कापून दिले. त्यापुढचे मला कोणी सांगितले नाही.