नाव घ्या, मग बोला

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. नाही — हे पहिलंच वाक्य खोटं पडलं. ही गोष्ट मी कितीतरी वेळा सांगितली आहे. गणपतीच्या जेवणात, कोजागरीला गच्चीवर, कुणाच्या मुलीच्या केळवणात. हात हलवून, आवाज काढून सांगितली आहे आणि दरवेळी हशा वसूल केला आहे. पण खरी म्हणाल, तर एकदाही नाही. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुम्हाला सांगता येईल असं वाटतंय. बघू, कुठपर्यंत जमतंय.

आम्ही कोलकात्याला आलो ते यांच्या बदलीमुळे. केंद्र सरकारची नोकरी, तीन वर्षांत परत जाऊ म्हणून पडदेसुद्धा जुनेच लावले होते. मग यांना इथलंच ऑफिस मानवलं, मुलगी ईरा इथल्या शाळेत रमली, आणि बेहाला भागातला भाड्याचा फ्लॅट कधी आपला झाला ते कळलंही नाही. मी मात्र अडकले. म्हणजे जिभेने अडकले. माहेरी मला सगळे तोंडाळ म्हणायचे. इथे भाजीवाल्याशी घासाघीस करायची तर आधी मनात वाक्य जुळवायचं, तोवर तो दुसऱ्या गिऱ्हाईकाला वांगी तोलून मोकळा. बंगालीत मी गरीब गाय. हिंदीत बरी. पण माझ्या टोमण्यांना धार यायची ती मराठीतच, आणि घरात मराठी ऐकणारं होतं कोण? हे पेपरात डोकं घालून बसायचे. ईराला अर्धंच कळायचं, उरलेलं ती सोडून द्यायची.

आणि मग ते फोन सुरू झाले.

तुम्हालाही येतच असतील. परदेशातला नंबर, पुढे कुठल्यातरी देशाचा आकडा, आणि पलीकडून हिंदी — तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, त्यात अमली पदार्थ सापडलेत, मोठ्या साहेबांना लाइन देतो. आमच्या वरच्या मजल्यावरच्या मित्रा मासीमांना, म्हणजे मावशींना, असा एक फोन आला आणि त्या बिचाऱ्या दोन दिवस अंथरुणातून उठल्या नाहीत. आमचे हे एक शब्द न बोलता फोन कट करतात. मी? मी खुलले. मला आयता श्रोता मिळाला होता! मी थेट मराठीत सुरू व्हायचे. पुरणपोळीची कृती सांगायचे, गोत्र विचारायचे, लग्न झालंय का, पत्रिका पाठवा म्हणायचे. मिनिटभरात समोरचा गोंधळून फोन ठेवायचा. मासीमा मला हसून 'बर्गी' म्हणायच्या. पूर्वी मराठे घोड्यांवरून इथे लुटायला यायचे, तेच बर्गी; त्यांच्या भीतीने शहराभोवती खंदक खणला होता, तो म्हणे बागबाजारपासून सुरू व्हायचा. मी म्हणायचे, आम्हाला अडवायला अख्खं शहर खंदक खणत बसलं होतं, आम्हाला कोण फोनवरून घाबरवतंय? फार अभिमान होता मला या वाक्याचा.

तर ती संक्रांत. माझ्याकडे हळदीकुंकू होतं. बायका फार नव्हत्या, इथे जमून जमून जमणार किती, पण सगळ्या नटून आल्या होत्या. बँकेत असलेल्या, आयटीतल्या, दोन नव्याने बदलून आलेल्या. तिळगूळ झाला, वाण देऊन झालं, उखाण्यांना रंग चढला होता. आणि माझा फोन वाजला. परदेशी नंबर.

जयश्रीवहिनी, आमच्या मराठी मंडळातल्या सगळ्यात जुन्या, ओरडल्याच, "स्पीकरवर टाका! स्पीकरवर!"

मी टाकला. बाईचा आवाज होता, हिंदीत पार्सल वगैरे सुरू झालं. मी मधेच तोडलं आणि ठसक्यात मराठीत म्हटलं, "हे बघा, आज आमच्याकडे हळदीकुंकू आहे. आधी नाव घ्या, मग बोला."

बायका फिदीफिदी हसल्या. एरवी इथे फोन कट व्हायचा. या वेळी झाला नाही. मागे खूप माणसं एकदम बोलत असल्याचा आवाज येत होता, वर्गात बाई नसल्या की येतो तसा. मग ती बाई म्हणाली — हळू, भराभर, पण अगदी स्वच्छ —

"खोलीला या खिडकी नाही, दाराला आहे टाळं,
प्रशांतरावांचं नाव घेते, घरी वाट बघतं बाळ."

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! जयश्रीवहिनींनी तर जिलबीची ताटली खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. इथपर्यंत मी ही गोष्ट जशीच्या तशी सांगते. इथून पुढे बदलते.

ती पुढे बोलली. "काकू, फोन ठेवू नका. मी मजाक नाही करून राहिली. आम्हाला इथं कोंडून ठेवलंय, कामाला म्हणून आणलं अन् पासपोर्ट काढून घेतला. मारतात. माह्या घरी सांगा —" आणि तिने गावाचं नाव सांगितलं. यवतमाळकडचं आहे, इथे लिहीत नाही. नवऱ्याचं पूर्ण नाव सांगितलं, बसस्टँडसमोर मोबाईलचं दुकान आहे म्हणाली. सगळं एका दमात. कितीदा मनात म्हणून ठेवलं असेल तिने ते?

मी म्हटलं, "अगं बाई, पुढचा अंकही आहे वाटतं!"

हशा.

मी लोकांना सांगते की मला तेव्हा ती थापच वाटली. रोज नव्या युक्त्या काढतात मेले, मराठी घरात फोन करायला मराठी बाई बसवली असेल, आपल्याला काय कळणार? पटण्यासारखं आहे ना? सगळ्यांना पटलं. पण मला माहीत होतं. कसं सांगू तुम्हाला — पार्सलची थाप कुणी लिहून देऊ शकतं. रडणंही शिकवता येतं. पण अचानक 'नाव घ्या' म्हटल्यावर जी बाई दोन क्षणांत आपलं बंद दार, आपलं मूल आणि आपला नवरा एका उखाण्यात बसवते, ती नवऱ्याचं नाव खोटं घेत नसते. तिथे बसलेल्या प्रत्येकीला हे कळायला हवं होतं. बाकीच्यांचं सोडा. मला कळलं होतं. आणि तरीही मी हसत होते, कारण सगळ्या माझ्याकडे बघत होत्या आणि खेळ माझा होता.

मग पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तिचा आवाज गेला आणि एक पुरुष बोलू लागला. हिंदीत, फार सौजन्याने.

"मैडम, ये आपसे किस भाषा में बात कर रही थी? क्या बोल रही थी?"

मी फोन कट केला, असं मी सांगते. जयश्रीवहिनींनासुद्धा आता तसंच आठवतं. गंमत आहे. त्या तर तिथेच होत्या.

मी फोन कट केला नाही.

तो पुन्हा विचारत नव्हता. वाट बघत होता. माझ्यासमोर किती वाटा होत्या, बघा. काही नाही, पुरणपोळीची कृती सांगत होते, म्हणता आलं असतं. गाणं म्हणत होती, म्हणता आलं असतं. मला कळलं नाही, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं! त्याला मराठी येत नव्हतं. तिने मराठीत सांगितलं ते त्याच एका भरवशावर — की ही भाषा त्या खोलीत कुणाला येत नाही, आणि ज्या काकूला येते ती आपली आहे.

मी त्याला हिंदीत सांगितलं. ठसक्यात, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आपकी लड़की कह रही है, आपने उसको ताला लगाके बंद रखा है, घर पे बताने को बोल रही है। पहले उसको तो सँभालिए, फिर मुझे अरेस्ट कीजिए!"

खोली हसून फुटायची बाकी राहिली. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा हशा असेल. आणि त्या हशाच्या खालून फोनमधून तिचा आवाज आला. ओरडली नाही. नुसतं "काकू" म्हणाली. पहिल्यांदा म्हणाली होती तसंच. मग काहीतरी पडल्यासारखा आवाज झाला आणि लाइन गेली.

बायका जिलबीकडे वळल्या. ईरा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात चहाचा ट्रे. तिला उखाणा कळला नव्हता, मराठी तिला जेमतेम समजतं. ती म्हणाली, "आई, वो... ती रडते होती ना?" मी म्हटलं, "तुला मराठी कुठे कळतं? चहा दे सगळ्यांना." तिने चहा दिला. त्यानंतर ती माझ्याशी त्याबद्दल कधी बोलली नाही. मराठीही कमीच बोलते आता.

दुसऱ्या दिवशी मी पोलिसांत जाऊ शकत होते. यांना सांगू शकत होते, यांच्या ऑफिसात ओळखीपाळखी आहेत. नंबर फोनमध्ये होता. मी तो पुसून टाकला. आपल्या फोनमध्ये असले नंबर कशाला, असं स्वतःला सांगितलं. नंतर टीव्हीवर बातम्या येऊ लागल्या, परदेशात अशी कोंडलेली माणसं सोडवून आणतात त्यांच्या. विमानतळावर तोंडाला ओढण्या बांधून ओळीने चालत येतात. मी टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसायचे. काय ओळखणार होते? मी तिला पाहिलेलं नाही.

दुकान मात्र मी पाहिलं. इंटरनेटवर शोधलं तर लगेच सापडलं, बसस्टँडसमोरच आहे. पाटीवर नाव आहे, नावाखाली फोन नंबर आहे. फोटोत काउंटरवर एक लहान मूल बसवलेलं आहे, त्याच्या हातात कसलीतरी वायर आहे. मी तो नंबर किती वेळा अर्धा दाबला असेल. पण फोन लागला की तो माणूस विचारणार — काय म्हणाली ती? हे सांगता येईल मला. आणि मग विचारणार — मग काय झालं? मी त्याला काय सांगू? तिला त्यांच्या ताब्यात दिलं, आणि नंतर चहा झाला, हे? म्हणून नाही केला फोन. तिच्या जिवापेक्षा मला त्या एका प्रश्नाची भीती जास्त वाटली. अजूनही वाटते. हे भित्रेपण आहे, दुसरं काही नाही.

आता मी परदेशी नंबर एकही सोडत नाही. उचलते आणि गप्प बसते. हे म्हणतात, तुझा फोनवरचा उत्साह गेला वाटतं.

गेल्या महिन्यात दुपारी आला. मी एकटीच होते, कोथिंबीर निवडत बसले होते. उचलला. पलीकडे तोच वर्गासारखा गलका, आणि मग आवाज — मराठीत.

"नमस्कार मॅडम. आपल्या नावाचं एक पार्सल जप्त करण्यात आलेलं आहे."

पुस्तकी मराठी होतं. 'करून राहिली' नव्हतं, 'माह्या' नव्हतं, एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. पण तोच आवाज. मी शपथेवर सांगते, तोच. तिच्या मराठीचा उपयोग त्यांना कळला होता. कुणी कळवला तो?

मी गावाचं नाव घेतलं. ती थांबली. मी म्हटलं, "प्रशांतराव..."

पलीकडे नुसता गलका. मला वाटलं, आता रडेल. शिव्या देईल. मला वाटलं, पुन्हा 'काकू' म्हणेल, आणि या वेळी मी — काय करणार होते मी या वेळी? माहीत नाही. ती तसं म्हणालीच नाही. मला ओळखलं होतं तिने, ते मला तिच्या श्वासावरून कळलं. आणि ओळखूनही तिने माझ्याकडे काहीही मागितलं नाही. लिहून दिलेलं पुढचं वाक्य वाचलं.

"मॅडम, आपण घरी एकट्या आहात का?"

"हो."

"खोलीचं दार आतून लावून घ्या. आणि हे कुणालाही सांगू नका."

मी उठले आणि कडी लावली. कोथिंबिरीचे हात होते, कडी हिरवी झाली. परत येऊन बसले तोवर लाइन गेली होती.

त्याच शनिवारी जयश्रीवहिनींकडे जमलो होतो. दोघी-तिघी नव्या बदलून आल्या होत्या. वहिनी त्यांना म्हणाल्या, "यांचा तो फोनचा किस्सा ऐकलाच पाहिजे तुम्ही. सांगा ना हो!" सगळ्या माझ्याकडे वळून बसल्या.

मी सांगितला. तिचा आवाजही काढून दाखवला.