तीनच्या पाळीची हजेरी

सोमवार, १२ ऑगस्ट २००२, दुपारचे साडेतीन. हजर: मी, आमच्या लहानशा कंपनीचे साहेब, आणि टेबलाखालचा सर्व्हर, ज्याच्यावर आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या वेबसाइट चालत. गैरहाजर: बाबा. ते त्या वेळी कुठे होते, हे मला ठाऊक नव्हतं.

"मॅडमजी, भंवरकुआं चौकातल्या कोचिंग क्लासवाल्यांचा तिसरा फोन," साहेब म्हणाले. "त्यांचा फॉर्म खुलतच नाहीये. अ‍ॅडमिशनचे दिवस आहेत, पोरं खिडकीवर भांडतायत. काय सांगू, सर्व्हरला बुखार आलाय?"

"संध्याकाळपर्यंत नीट होईल म्हणून सांगा."

"हे तर शुक्रवारीपण बोललात तुम्ही."

बोलले होते खरी. शुक्रवारी मी मशीन बंद करून परत चालू केलं होतं. तेवढ्यापुरतं ठीक चाललं, आणि दुसऱ्या दिवशी तीन वाजून गेल्यावर प्रोसेसर पुन्हा शंभर टक्क्यांवर जाऊन बसला. म्हणून या वेळी वहीत तीन प्रश्न लिहिले. कोणता प्रोग्राम? किती वाजता? कोणाकडून?

पहिल्या उत्तरानेच मान खाली गेली. प्रोग्राम माझाच होता.

बाबा कापड मिलच्या टाइम ऑफिसात कारकून होते. प्रत्येक कामगाराला नंबर कोरलेला पितळी बिल्ला असे. पाळीच्या सुरुवातीला बाबा खात्याखात्याने नंबर पुकारत आणि हजेरी मांडत. एके दिवशी फाटकावर नोटीस लागली, मिल बंद झाली आणि बाबा घरी बसले. पण नंबर डोक्यात तसेच राहिले. दोन हिवाळे ते सांगत गेले आणि मी टाइप करत गेले. मग मी एक साधं पान बनवलं: नंबर टाका, की नाव, खातं आणि माणूस सध्या कुठे आहे ते दिसेल. साहेबांनी सर्व्हरवर जागा दिली. बाबा सायकलवर फिरून बातम्या आणत. एक जण मानपुरला मुलाच्या ढाब्यावर बसतो, एक सिमरोलला चौकीदार आहे. कोणी वारलं तर तेही सांगत. वारलेल्यांची नावं मी यादीतून काढून टाकत होते. बाबांना विचारलं नव्हतं. यादी म्हटली की ती साफ ठेवायची, ही माझी सवय.

सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. तीन वाजून दोन मिनिटांनी पहिला नंबर, मग दर अर्ध्या मिनिटाला एक. आधी सूतकताई, मग लूम, शेवटी बॉयलर. याच क्रमाने मी दोन हिवाळे टाइप केलं होतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं: बाबा.

बिघाडही सापडला. यादीत असलेला नंबर लगेच मिळत होता. मी काढलेला नंबर विचारला, की प्रोग्राम शेवटपर्यंत शोधायचा आणि परत वरून सुरू करायचा. नंबर सापडला नाही तर थांब, हे मी त्याला लिहूनच दिलं नव्हतं. असे चौदा शोध एकाच वेळी चालू होते. यादीतून काढलेली नावं मी वहीत काट मारून ठेवली होती; त्यांच्याशी नंबर ताडून पाहिले. चौदाही वारलेले.

आमच्या घरामागच्या गल्लीत एक सायबर कॅफे होता; मी थेट तिथे गेले. बाबा कोपऱ्यातल्या मशीनवर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, समोर आखलेली वही.

"तू इथे कशी? ऑफिस सुटलं?"

"तुम्ही काय करताय बाबा?"

"हजेरी. दुसऱ्या पाळीचीच होते. पहिलीच्या वेळेला या कॅफेचं शटर खुलत नाही."

"पण जे गेले त्यांचे नंबर कशाला टाकता?"

"नाव काटायला खात्याची चिठ्ठी लागते. चिठ्ठी आली का? नाही ना? मग पुकारायचं. गैरहाजर तर गैरहाजर." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हा बघ, बॉयलरवाला. किती वेळ झाला, मशीन शोधतंय त्याला. मी म्हटलं, शोधू दे. माझ्यापेक्षा धीर आहे त्याला."

नावं मी काढलीत, हे तेव्हा सांगायला हवं होतं. मी एवढंच सांगितलं, की सर्व्हर अडकतोय आणि क्लासची पोरं खोळंबलीत.

"मग आधी ते कर," बाबा म्हणाले आणि वही मिटली. "चालू असलेलं बंद पडायला नको."

ऑफिसात जाऊन मी एक ओळ वाढवली: नंबर सापडला नाही तर थांब आणि लिही, 'हा नंबर यादीत नाही.' प्रोसेसर खाली आला. साहेबांनी कचोऱ्या मागवल्या.

दुसऱ्या दिवशी तीनला बाबा कॅफेत गेले. संध्याकाळी मी घरी आले तेव्हा ते पलंगावर बसले होते. वही मांडीवर.

"कोणी काटले?"

"मी."

"चिठ्ठी?"

"बाबा, ती माणसं गेलीत आता."

"गेलीत ते मला नको सांगू. खांदा दिलाय मी. पण कामावरून कमी कोणी केलं नव्हतं त्यांना."

आवाज चढला नाही. पेन टेबलाच्या खणात ठेवलं. त्यानंतर तीन वाजता ते कधी बाहेर पडले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहत. आईने चहा केला, की उठून पीत आणि परत आडवे होत.

मी म्हटलं होतं, रविवारी चौदाही नावं परत टाकते, पुढे 'गैरहाजर' लिहून. अर्ध्या तासाचं काम. त्या रविवारी पाहुणे आले, पुढच्या रविवारी ऑफिसात नवा सर्व्हर बसवायचा होता. बाबांनी आठवण करून दिली नाही. दोन वर्षांनी, माघात, ते गेले.

ते पान मी प्रत्येक नव्या सर्व्हरवर बरोबर नेलं. बाबांचा नंबर टाकला तर उत्तर येतं: टाइम ऑफिस, सध्या घरी. ते मी काढलेलं नाही. दर वर्षीच्या नव्या वहीत पहिल्या पानावर लिहिते: चौदा नावं परत टाकणे. बाकीच्या कामांवर खुणा होतात. यंदाही बॉयलरवाल्याचा नंबर टाकून पाहिला. क्षणात उत्तर आलं, हा नंबर यादीत नाही.